ऑप्शनलचं वेळापत्रक दर वेळी मोडतंय? आधी पुस्तकाची कड बघा

तुमचं ऑप्शनलचं, म्हणजे यूपीएससीच्या मेन्ससाठी (मुख्य परीक्षेसाठी) तुम्ही स्वतः निवडलेल्या विषयाचं, सगळ्यात जास्त वापरलेलं पुस्तक घ्या, मिटा आणि पानांच्या कडेकडून बघा. बोटं लागून लागून कड जिथे काळपट झालीय, तेवढाच तुमचा अभ्यास झालाय. अभ्यासिकेत जी मुलं "दादा, जरा प्लॅनिंग बघता का" म्हणत वही घेऊन येतात, त्यांना मी वही बाजूला ठेवून आधी हे करायला लावतो. भूगोलवाल्यांची कड तर जवळजवळ ठरलेली. भूरूपशास्त्राची पहिली शंभरेक पानं काळी, हवामानशास्त्र मळकट, आणि पुढचा वस्ती भूगोल, प्रादेशिक नियोजन, सगळं कोरं करकरीत. पेपर दोनचं पुस्तक बहुतेक वेळा खोलीवरच राहिलेलं असतं.

माझ्या पहिल्या मेन्सला माझ्या पुस्तकाची कडही अशीच होती. भूरूपशास्त्रातलं डेव्हिसचं क्षरणचक्र मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. वस्ती भूगोलाच्या प्रश्नावर मात्र मी एक छान षटकोन काढला आणि त्याच्याकडे बघत बसलो.

तक्रार सगळ्यांची सारखीच असते. रोज बसतो, तरी ऑप्शनल पूर्ण होत नाही. नवं वेळापत्रक आठ दिवस चालतं, नवव्या दिवशी मोडतं, मग नवीन वेळापत्रक आणि पुन्हा पहिला धडा. हे वाचताना 'हा माझाच प्रॉब्लेम' असं वाटलं तर पुढे वाचा. उदाहरणं भूगोलाची देतोय, कारण माझा विषय तोच होता. समाजशास्त्र, लोकप्रशासन, मराठी साहित्य, काहीही असलं तरी दुखणं याच जागी असतं.

आळसाचा विषय इथेच मिटवू. आळशी मुलगा वेळापत्रकच करत नाही. चार रंगांच्या पेनांनी तक्ता करून भिंतीला लावणाऱ्याचं वेळापत्रक मोडतं, कारण त्यानं ते पुढून आखलेलं असतं. आज एक तारीख, म्हणून आज पहिला धडा. शेवटी कुठे पोचायचंय आणि तिथे पोचल्यावर हातात काय असायला हवं, हे मोजलेलंच नसतं. म्हणून आपण शेवटापासून सुरुवात करू.

शेवटचे पाच दिवस

यूपीएससी मेन्सच्या तारखा अलीकडे एकाच साच्यात येतात. शुक्रवारी निबंध, शनिवार-रविवारी जीएसचे (सामान्य अध्ययनाचे) चार पेपर. मग मधला आठवडा. पुढच्या शनिवारी भाषेचे दोन पात्रता पेपर आणि रविवारी ऑप्शनलचे दोन्ही पेपर, एकाच दिवशी. २०२३ ला निबंध १५ सप्टेंबरला होता आणि ऑप्शनल २४ ला. २०२४ ला २० आणि २९ सप्टेंबर. २०२५ ला २२ आणि ३१ ऑगस्ट. म्हणजे जीएस संपल्यावर सोमवार ते शुक्रवार असे पाच दिवस मिळतात. लेखीच्या १७५० गुणांपैकी ५०० गुणांचा विषय त्या पाच दिवसांत एकदा पूर्ण डोळ्यांखालून जायला हवा.

दिवसाला दहा तास धरा. जीएस लिहून हात आणि डोकं दोन्ही आंबलेलं असतं, त्याहून जास्त कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. झाले पन्नास तास. भूगोलाचा सिलॅबस मी फोडला तेव्हा दोन्ही पेपर मिळून पासष्ट मुद्दे निघाले. पन्नास तासांत पासष्ट मुद्दे म्हणजे एकेकाला पाऊण तास.

एखादा मुद्दा 'झाला' असं कधी म्हणायचं, ते या पाऊण तासावरून ठरवा. जो पाऊण तासात परत वाचून होतो, तो झाला. ज्यासाठी जाड पुस्तक, क्लासची झेरॉक्स आणि मोबाईलमधली पीडीएफ अशा तीन ठिकाणी जावं लागतं, तो तीनदा वाचलेला असला तरी बाकीच आहे. ही व्याख्या लावली की बहुतेकांचं 'सत्तर टक्के झालंय' एकदम वीसवर येतं. आलं तर येऊ द्या. मे महिन्यात कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

साडेसहा तासांचा हिशोब

तासांचं वेळापत्रक करू नका, मुद्द्यांचं करा. एका मुद्द्याला मी साडेसहा तास धरतो: साडेतीन तास वाचन, दीड तास टिपण, आणि दीड तास जुन्या प्रश्नांतली तीन उत्तरं घड्याळ लावून लिहिणं आणि तपासणं. टिपण चार पानांत बसलंच पाहिजे, कारण पाचवं पान त्या शेवटच्या पाऊण तासात मावत नाही.

जुने प्रश्न पुस्तक उघडायच्या आधी वाचा. वस्ती भूगोलातला ख्रिस्टालरचा १९३३ चा मध्यवर्ती स्थान सिद्धांत घ्या. प्रश्न न बघता बसलात तर षटकोन, बाजाराचं तत्त्व, वाहतुकीचं तत्त्व, प्रशासनाचं तत्त्व, के म्हणजे तीन, चार, सात, हे सगळं सुंदर अक्षरात उतरवून काढाल आणि दुपार संपेल. प्रश्न आधी चाळले की कळतं, हे सगळं उत्तराच्या पहिल्या तीन ओळींत येतं. खरं उत्तर पुढे सुरू होतं: सिद्धांत कुठे लागू पडतो, कुठे गडबडतो, लॉश या दुसऱ्या अभ्यासकानं काय वेगळं मांडलं, आपल्याकडच्या तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांकडे बघून काय दिसतं. मग वाचन आपोआप आखूड होतं.

आता गुणाकार. पासष्ट मुद्दे, प्रत्येकी साडेसहा तास, म्हणजे साधारण सव्वाचारशे तास. पूर्ण वेळ अभ्यास करणाऱ्यानं ऑप्शनलला रोज चार तास, आठवड्याचे सहा दिवस दिले तर अठरा आठवडे लागतात. नोकरीवाल्याला पाच दिवस रोजचे दोन आणि एका सुट्टीच्या दिवशी पाच असे आठवड्याला पंधरा तास मिळत असतील, तर अठ्ठावीस आठवडे. पासष्ट हा माझा आकडा, तुमचा पन्नास येईल नाहीतर ऐंशी. पण तो काढा. सिलॅबसची प्रिंट घेऊन पेन्सिलीनं मुद्दे पाडायला एक संध्याकाळ पुरते, आणि जवळजवळ कुणीच ती देत नाही.

गेल्या वर्षी एक मुलगी आली होती, तलाठी म्हणून नोकरी करणारी. तिचं म्हणणं, "सर, मला वेळच नाही." हिशोब मांडला तर आठवड्याला तेरा तास निघाले. तिच्यापुढचा खरा प्रश्न वेगळाच होता. तिला वाटत होतं चार महिन्यांत व्हायला हवं, कारण पुण्यात राहणारी मैत्रीण चार महिन्यांत करत होती. आठ महिने लागणार हे एकदा मान्य केल्यावर तिचं वेळापत्रक मोडायचं थांबलं. चार-चार पानांची टिपणं दप्तरात घालून फिरायची. फेरफारांच्या गर्दीत ती कधी वाचत असेल देव जाणे, पण कागद मळलेले होते हे मी बघितलंय.

नेहमी कुठे बिघडतं

पहिली जागा म्हणजे दिवसातली वेळ. सकाळी वर्तमानपत्र, मग चालू घडामोडी, मग जीएस, आणि ऑप्शनल रात्री नऊनंतर. ही उष्टी वेळ झाली. पेपर वाचायला पाऊण तास लागायला हवा, लागतात दोन, आणि ते दोन तास ऑप्शनलच्या खिशातून जातात. ऑप्शनल सकाळच्या पहिल्या बैठकीला घ्या, पेपर दुपारी जेवल्यावर वाचा. बातमी दुपारपर्यंत शिळी होत नाही.

दुसरी जागा नववा दिवस. आठवडाभर ताप, घरचं लग्न, गावची यात्रा, काहीतरी होणारच. एक मुद्दा राहतो, दुसरा राहतो, मग सगळा तक्ता फाडून नवा केला जातो. नवा तक्ता करताना फार बरं वाटतं, ते एक व्यसनच आहे. त्याऐवजी वहीच्या शेवटच्या पानावर 'उधारी' लिहा. राहिलेला मुद्दा तिथे टाका आणि तक्त्यात ठरलेलाच पुढचा मुद्दा घ्या. आठवड्याचा सातवा दिवस फक्त उधारी फेडायला. उधारीत तीनच नावं मावतात. चौथं यायची वेळ आली तर नवीन मुद्दा बंद, आधी फेड. तक्त्याला हात लावायचा नाही.

तिसरी जागा पेपर दोन, आणि इथे जरा थांबायला हवं. बहुतेक जण पेपर एक संपवून पेपर दोनला हात घालायचं ठरवतात. पेपर एक कधी संपत नाही, म्हणून पेपर दोन कधी सुरू होत नाही. उपाय जोडीचा आहे. भूगोलात हवामानशास्त्र वाचलं की त्याच आठवड्यात मोसमी पावसाची यंत्रणा. कृषी भूगोलात फॉन थ्युनेन वाचला की लगेच भारताची पीकरचना. औद्योगिक स्थानाचा वेबर झाला, १९०९ चा, की टाटांनी पोलाद जमशेदपूरलाच का काढलं हे त्याच दुपारी. प्रादेशिक नियोजनाच्या संकल्पना झाल्या की दामोदर खोरे महामंडळ, १९४८. पेपर एकची थिअरी पेपर दोनच्या उदाहरणावर लगेच घासली की दोन्हीकडची उत्तरं एकदम तयार होतात आणि मुद्द्यामागे तासभराची बचत होते. समाजशास्त्रवाल्यांनी विचारवंत आणि भारतीय समाज, लोकप्रशासनवाल्यांनी सिद्धांत आणि भारतीय प्रशासन अशाच जोड्या लावाव्यात. ज्या विषयात जोडी लागत नाही तिथे एक आठवडा हा पेपर, एक आठवडा तो.

नकाशाचा प्रश्न या हिशोबात धरू नका. भारताच्या नकाशावर ठिकाणं दाखवायची आणि प्रत्येकाचं महत्त्व तीस शब्दांत सांगायचं, याला बैठक लागत नाही. रोज जेवायच्या आधी चार ठिकाणं.

चौथी जागा साहित्य. नवा टॉपर आला, त्याच्या नोट्स आल्या, झेरॉक्सवाल्याकडे रांग लागली. मीही एका रात्रीत चारशे पानं आणली होती, त्यातली चाळीससुद्धा वाचली नाहीत. वेळापत्रक सुरू झाल्यावर साहित्य बदलायचं नाही. अगदीच मोह झाला तर नव्या नोट्समधलं फक्त तेवढंच घ्या जे तुमच्या चार पानांत नाही, आणि ते समासात लिहा.

प्रिलिमला (पूर्व परीक्षेला) ऑप्शनल बंद करायचं का?

हो. बऱ्याच जणांना हे आवडत नाही, पण प्रिलिम निघाली नाही तर ऑप्शनलचे ते पाचशे गुण कपाटातच राहतात. शेवटचे अडीच-तीन महिने नवीन वाचन पूर्ण बंद. पण खिडकी थोडी उघडी ठेवा: रविवारी दोन तास, जुनी टिपणं चाळायची आणि दोन उत्तरं लिहायची. सीसॅट, म्हणजे प्रिलिमचा फक्त पात्रतेपुरता दुसरा पेपर, डळमळीत असेल तर हेही नको. सीसॅटला तेहतीस टक्केच लागतात, पण ते न पडल्यामुळे घरी गेलेली मुलं मी दरवर्षी बघतो.

'प्रिलिम झाल्यावर ऑप्शनल पूर्ण करू' हे मात्र डोक्यातून काढा. २०२३ ला प्रिलिम २८ मे ला आणि मेन्स १५ सप्टेंबरला, मधे ११० दिवस. २०२४ ला १६ जून ते २० सप्टेंबर, ९६ दिवस. २०२५ ला २५ मे ते २२ ऑगस्ट, ८९ दिवस. या दिवसांत जीएसचे चार पेपर, निबंध, एथिक्सची केस स्टडी आणि ऑप्शनल, सगळंच आहे. पहिलं वाचन इथे मावत नाही. मावतं ते दुसरं वाचन आणि उत्तरलेखन.

त्यातही प्रिलिम झाल्यापासून निकालापर्यंतचे साधारण दोन आठवडे वाया जातात. उत्तरसूची जुळवणं, कट ऑफचा अंदाज, चहाच्या टपरीवर चर्चा. ते दोन आठवडे एकट्या ऑप्शनलचे करा. निकालाची वाट बघत जीएस वाचवत नाही, हा माझा अनुभव. ऑप्शनल आपलं निवडलेलं असतं, त्यात मन जरा तरी रमतं.

उत्तरं किती आणि कधी

पेपरात आठ प्रश्न, पाच सोडवायचे, पहिला आणि पाचवा सक्तीचे. सक्तीच्या दोन प्रश्नांत दहा-दहा गुणांचे पाच-पाच तुकडे, बाकीच्या तिन्हींत साधारण वीस, पंधरा, पंधरा. म्हणजे तीन तासांत एकोणीस उत्तरं. २५० गुण आणि १८० मिनिटं. दहा गुणांना सात मिनिटं, पंधराला अकरा, वीसला चौदा. आणि दुपारी पुन्हा जवळजवळ तेवढंच. एका दिवसात अडतीसच्या आसपास उत्तरं.

त्यामुळे 'आधी सगळं वाचून घेतो, मग लिहायला लागतो' हे चालत नाही. मुद्द्यामागे तीन उत्तरं धरली तर पासष्ट मुद्द्यांची १९५ उत्तरं तुम्ही प्रिलिमच्या आधीच लिहिलेली असतात. टेस्ट सिरीज लावायची तर लावा. मी लावलेल्या एका सिरीजमध्ये वही तपासून यायला पाच आठवडे लागले होते आणि शेरा होता 'अजून चांगलं लिहा'. त्यापेक्षा त्याच विषयाचा एक मित्र पकडा आणि रविवारी वह्या बदला.

मराठीतून लिहिणाऱ्यांनी मुद्द्यामागे अर्धा तास जास्त धरावा. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत येते, वाचन बरंचसं इंग्रजीतलं, उत्तर मराठीत. एकाच संज्ञेला दोन पुस्तकांत दोन मराठी शब्द सापडतात. एक निवडा, वहीच्या मागे यादी करा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. पारिभाषिक शब्दाचं इंग्रजी रूप कंसात द्यायला आयोगाची परवानगी आहे, पण परीक्षेत शब्द आठवत बसायला सात मिनिटं पुरत नाहीत.

राज्यसेवेच्या मुलांना हे सगळं नवं आहे. एमपीएससीची मुख्य परीक्षा इतकी वर्षं पर्यायी प्रश्नांची होती. वर्णनात्मक पद्धत २०२३ पासून लागू होणार होती, विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर ती २०२५ पासून आली, आणि तिच्यासोबत वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आले, ५०० गुणांचे. गोल काळे करायची सवय लागलेल्यांनी तास वाचनातून काढून लेखनाला द्यावेत. तीन तास वाचन, दोन तास लेखन असं प्रमाण मी सांगतो. सुरुवातीला हात दुखतो, अक्षर बिघडतं. दोन महिन्यांनी बसतं.

एवढं करूनही अडत असेल

तर विषयच चुकलाय का, हे एकदा बघा. दहा मुद्दे या पद्धतीनं झाले की मागच्या पाच वर्षांचे त्या मुद्द्यांवरचे प्रश्न काढा. निम्म्यांहून जास्त प्रश्नांवर पुस्तक न उघडता पानभर लिहिता येत असेल तर विषय ठीक आहे, कंटाळा कितीही येवो. कंटाळा सगळ्याच विषयांत तिसऱ्या महिन्यात येतो. दहा मुद्द्यांनंतरही प्रश्नच कळत नसतील, तर बदला, आणि लवकर बदला. मार्क आले नाहीत म्हणून दोन मेन्सनंतर विषय बदलणाऱ्यांचं फारसं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. सव्वाचारशे तास पुन्हा पहिल्यापासून द्यायचे असतात.

मेन्सच्या आधी दोन रविवार दोन्ही पेपर एकाच दिवशी लिहून बघा. नऊ ते बारा, मग अडीच ते साडेपाच, अलीकडच्या परीक्षेची हीच वेळ आहे. सकाळी सगळेच बरं लिहितात. दुपारी चारनंतर काय होतं ते बघायचंय. मला पहिल्यांदा कळलं की सव्वाचारला माझा अंगठा आखडतो आणि उत्तरं निम्मी होतात. मग दुपारच्या पेपरात मी वीस गुणांची उत्तरं आधी उरकायला लागलो.

आणि मधल्या अडीच तासांसाठी आत्ताच एक कागद तयार करून ठेवा. पेपर दोनच्या मुद्द्यांची नुसती नावं, प्रत्येकासमोर एक आकृती नाहीतर एक आकडा. बारा वाजता बाहेर आलात की गेटपाशी 'तिसरा कुठला सोडवला रे' चालू असेल. तिथून सरळ पुढे जा, डबा खा, झाडाखाली जागा मिळाली तर वीस मिनिटं डोळे मिटा, आणि दीड वाजता तो कागद काढा.